गोडं पाणी, परत टाकीत

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, समुद्राचं पाणी गोडं करायचे आणि पुन्हा खाऱ्यात सोडायचे. हसू नका, तीच त्यांची नोकरी होती.

प्रयोगशाळेमागच्या शेडमध्ये एक टाकी, एक पंप आणि पाणी गाळायचा नवा पडदा. एका नळीने गोडं पाणी यायचं, दुसरीने उरलेलं खारट, आणि दोन्ही परत त्याच टाकीत. "टाकीतला खारेपणा जराही हलता कामा नये," असं ते सांगायचे. जुने पडदे क्लोरीनने खराब होतात, आणि क्लोरीन घातलं नाही तर त्यांच्यावर बुळबुळीत थर धरतो. क्लोरीन सोसणारा हा नवा पडदा तीन वर्षं टिकला तर सगळ्या वस्तीला स्वस्त पाणी. त्याहून कमी दिवसांचा पुरावा कुणी मानत नव्हतं.

वस्तीत मचूळ पाणी, तेही आठवड्यातून दोनदा. ताईला मूतखड्याचा त्रास. डॉक्टर म्हणाले, चांगलं पाणी भरपूर प्या. कुठून आणायचं, कप्पाळ!

ताई म्हणाली, "अहो, तुमच्या नळीतलं कळशीभर आणा की."

"रोज कळशी काढली तर आकडे बिघडतील. सगळी मेहनत फुकट."

मी तोंडावर सुनावलं, "जगाची तहान भागवायला निघालात भाऊजी, आणि घरात दिव्याखाली अंधार!" त्यांनी हट्ट सोडला नाही. ताईने उलट मलाच गप्प केलं. "दीडच वर्ष राहिलंय गं. होऊ दे त्यांचं."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं. तरीही भाऊजी सकाळी आकडे लिहायला जात. मला त्यांचा संताप यायचा, आजही येतो.

अडीच वर्षं झाली आणि वरून कागद आला. निधी संपला, प्रयोग बंद, टाकी रिकामी करा. पडदा अजून ठणठणीत होता. भाऊजींनी साहेबांचे पाय धरले, सहाच महिने मागितले. साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू."

त्या दुपारी त्यांनी पहिल्यांदा गोड्या पाण्याची नळी टाकीतून काढून कॅनमध्ये सोडली. वीस लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन आले आणि ताईपुढे ठेवला.

डायलिसिसमुळे ताईला आता दिवसाला तीनच पेले पाण्याची परवानगी होती. भाऊजींना माहीत नव्हतं होय? तेच तर रोज मोजून द्यायचे. दोन सकाळीच झाले होते.

त्यांनी तिसरा भरला. ताई सावकाश प्यायली.

"चांगला निघाला हो तुमचा पडदा," ती म्हणाली, आणि पेला पालथा घातला.