ताईच्या जीपचं स्टेअरिंग

बसा. चहा घ्या अगोदर, मंग सांगतो. हे आजवर माह्या तोंडातून निघालं नाही — बायकोसमोर नाही, देवासमोरही नाही. देवाले तं ठाऊकच असंन म्हणा.

पण सुरुवात कुठून करू? गाडीपासून करतो. गाडीबद्दल बोलता येते मले. बाकीचं जमत नाही.

अमरावतीत माहं गॅरेज आहे. जीपा उंच करून देतो मी. कमानपाटे बदलायचे, मोठे टायर चढवायचे, म्हणजे पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं पोट टेकत नाही. चिखलदऱ्याच्या जंगलात फिरणारे हौशी लोक येतात, शेतीवालेही येतात. अन् माही एक अदा होती. गाडी तयार झाली का मालकाले बाजूले बसवायचो, अकोला हायवेवर न्यायचो, चांगली पळवायचो अन् स्टेअरिंगवरचे दोन्ही हात सोडून द्यायचो. गाडी सरळ! मी छातीवर हात बांधून बसलो, गिऱ्हाईक खुश. आता तुमीच सांगा — गुळगुळीत रोडवर कोणती गाडी वाकडी जाते?

माही मोठी ताई तेल्हाऱ्याकडं दिली आहे. घरची कपाशी, घरची जीप, अन् जीप चालवे ताई. भाऊजी बाजूले बसून पान खात. गाव हसे. ताई म्हणे, "हसू द्या न बाप्पा. ह्यायले बैल आवरत नाही, गाडी काय आवरतीन?" भाऊजीही हसत. सासूले दवाखान्यात न्यायचं, मजूर बायायले वावरात सोडायचं, कोणाची बाळंतीण अकोटले पोचवायची — सारं ताई. गाडीत बसली का तिची मान अशी ताठ होई... काय सांगू तुमाले.

पावसात वावराच्या पांदणीनं गाडी फसे. म्हणून तिनं मले सांगतलं, "संजू, उंच करून दे."

केली उंच. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत एक दांडी जाते, तिले आमी लिंक म्हणतो. गाडी वर उचलली का ते लिंक तिरपी होते. मंग चाक खड्ड्यात पडलं का तिरपी लिंक चाकाले ढकलते. तुमी स्टेअरिंग किती का सरळ धरा, गाडी आपल्या मनानं बाजूले पळते. त्याले उपाय आहे. स्टेअरिंगच्या डब्याखालचा आर्म बदलून जास्त खाली लोंबणारा लावायचा, मंग लिंक पुन्हा आडवी होते. मले हे माहीत होतं का? हाओ. पुरतं माहीत होतं.

पण तो आर्म आला नव्हता, अन् पोळा तोंडावर होता. पोळ्याच्या दिवशी साऱ्या गावासमोर, बैलायच्या मागं, ते उंच जीप उभी राहावी — लोकायनं विचारावं, कोणं बनवली? मले तेच पाहिजे होतं. खोटं कशाले बोलू आता?

गाडी पोचवायले निघालो. अकोटच्या पुढं काळ्या मातीनं रोड फुगून वरखाली झाला आहे. पहिल्याच खड्ड्यात स्टेअरिंगनं माह्या हाताले झटका देल्ला, गाडी डावीकडं गेली. मी काय केलं? स्पीड कमी केला. बस.

पोळ्याले ताईनं जीपीले कुंकू लावलं. कोणी विचारलं तं सांगे, "माह्या भावानं बनवली."

मंग तिचे फोन सुरू झाले. "संजू, खड्ड्यात गेली का स्टेअरिंग हातातून पळते रे." मी म्हणो, सवय होईन. भाऊबीजेले गेलो, तिनं ओवाळलं, अन् पाहुण्यायसमोर पुन्हा तेच काढलं. तोवर आर्म येऊन गॅरेजमध्ये पडला होता. ऐकून राहिले न? येऊन पडला होता! पण बदलला असता तं साऱ्यायले समजलं असतं का संजूनं अर्धवट गाडी देल्ली. म्हणून मी हसत म्हटलं, "ताई, गाडी आता उंच झाली. हिले मर्दाचं मनगट लागते."

सारे खो-खो हसले. ताईही हसली थोडीशी. ओवाळणीचं ताट तिच्या हातातच होतं.

दिवाळीनंतर सासूचे डोळे दाखवायले ताई अकोटले निघाली. पुलाच्या अलीकडं खड्डा लागला, गाडीनं डावी मारली, नालीत उतरली, बाभळीले धडकली. ताईच्या कपाळाले टाके पडले. म्हातारीचा खुबा मोडला. त्या आजही वॉकर धरूनच चालतात.

गाडी मी ओढून आणली. गॅरेजच्या पोरायले घरी पाठवलं, शटर लावलं अन् एकट्यानं आर्म बदलला. जुना आर्म भंगारात फेकला. चोर याहून वेगळं काय करते?

दुरुस्त झालेली गाडी घेऊन गेलो. ओसरीत म्हातारी खाटेवर, भाऊजी अन् ताईचा दीर बसलेले, ताई दारात उभी. भाऊजीनं विचारलं, "गाडीत काही निघालं का?"

मी म्हटलं, "गाडीत काहीच नव्हतं."

दिरानं चक्कर मारून पाहिली, त्याच खड्ड्यायतून. गाडी सरळ. तो आला अन् म्हणाला, "पाहा, काहीच तं नाही!" ताई आपल्या हातायकडं पाहत होती. उलटे करून पाहिले तिनं, सुलटे करून पाहिले. मंग आतून चावी आणली अन् दिराले देल्ली. कोणं मागतलीही नव्हती.

त्यानंतर तिनं गाडीले हात लावला नाही. आता कुठं जायचं तं दिराले म्हणते, "वेळ असंन तं सोडता का?" दिराले वेळ नसला का फाट्यावर एसटीची वाट पाहत बसते. माही ताई!

लाज वाटते का? लय वाटते. पण लाज वाटून ते चावी तिच्या हातात परत गेली का?

मागच्या महिन्यात गेलो होतो. भाची आता कॉलेजात आहे. ते आईच्या मागं लागली होती, मले गाडी शिकू दे म्हणून. ताई चहा गाळत होती. वर न पाहता बोलली, "नाही वं बाई. आपल्या हातात तेवढा जोर नाही. विचार मामाले, मामाले गाडीतलं समजते."

भाचीनं माह्याकडं पाहिलं. "खरं का, मामा?"

मी मान हलवली. हो म्हणून.