घमेलंभर माती

माझ्या थोरल्या साडूंइतका हेवा मी आयुष्यात दुसऱ्या कोणाचा केलेला नाही, आणि त्यांना न ओळखणारा माणूस रोहा तालुक्यात अजून जन्माला यायचाय. मी पेणच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, निम्मं गाव माझ्या हाताखालून गेलं, तरी बाजारात कोणी मला थांबवलं तर ते विचारणार, सर, तुमचे साडू बरे आहेत ना? या माणसाला ना पदवी, ना पद. रोह्याजवळच्या गावात भात नि वाल पिकवतात, आणि भात कापून झालं की शेताच्या एका तुकड्यावर कबड्डीचं मैदान करतात. बस, एवढंच. पण तेवढ्यावर सासुरवाडीला सुरमईची पहिली तुकडी त्यांच्या ताटात पडते आणि माझ्या ताटात शेपटीकडची. मी हे बोलून दाखवलं की आमची ही म्हणते, "तुमच्या पोटात का दुखतं?" दुखतं, काय करू?

मैदानाच्या मातीपुढे त्यांना जगात काही दिसत नाही. ढेकळं फोडायची, माती चाळायची, पुन्हा चाळायची, ओल टिकावी नि धूळ उडू नये म्हणून त्यात धरमतरकडचं खडेमीठ मिसळायचं, पाणी शिंपडून चोपायचं, आणि शेवटी डोळे मिटून अनवाणी सगळं मैदान चालून एखादा खडा राहिला असेल तर तो तळपायाने शोधायचा. एका वर्षी चाळण फाटली म्हणून त्यांनी घरातली पिठाची चाळण नेली. पुढे आठवडाभर भाकरी दाताखाली कचकचत होती. मेव्हणी चिडली, तर हे म्हणे, दाताला लागतेय म्हणजे माती अजून जाडी हाय. मीठ न्यायला येत तेव्हा मुक्काम आमच्याकडे. एकदा चहा पिता पिता त्यांनी आमच्या तुळशीतली माती चिमटीत चोळून बघितली आणि हिला गंभीरपणे सांगितलं, ही माती पकडीला नाय चालायची गो. हिने दुसऱ्याच दिवशी तुळशीची माती बदलली! मी वर्षभर न्हाणीघराचा नळ बदलू या म्हणत होतो, त्याचं काय? आणि परतताना त्यांचं मिठाचं पोतं चढवायला एसटीचा कंडक्टर स्वतः खाली उतरला. याच कंडक्टरने मला छत्री आडवी धरली म्हणून भर गाडीत झापलेलं आहे.

तेव्हा पेणला छपराचं नवं स्टेडियम व्हायचं ठरलं आणि मी धडपड करून समितीत शिरलो. खेळावरच्या प्रेमापोटी, असं भाषणात सांगत असे. खरं कारण साडू. मॅट आली, दिवे आले, ओळीने निळ्या खुर्च्या आल्या, आणि प्रत्येक गोष्ट आली की मी त्यांना मुद्दाम फोन करत असे. ते सगळं शांतपणे ऐकून घेत, वर म्हणत, बरं झालं, पोरांचे गुडघे वाचतील. त्यांनी एकदा तरी जळावं, एवढी साधी माझी अपेक्षा होती.

उद्घाटनाचे सामने आम्ही श्रावणात ठेवले. डोक्यावर छप्पर असताना पावसाला कोण विचारतो, हा माझा मुद्दा, आणि तो सगळ्यांना पटला. साडूंना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "साडूभाऊ, सामने तुमी पावसात घ्याल, पण माणूस कुठून आणाल? भात कापल्याबिगर कोण मोकळा हाय?" फोन ठेवून मी हिला आनंदाने सांगितलं, जळला, शेवटी जळला!

त्या दिवशी स्टेडियममध्ये पाहुणे, आम्ही समितीवाले आणि दोन संघ. गणपती तोंडावर आलेले. जोहे-हमरापूरची झाडून सगळी पोरं कारखान्यांत मूर्तींना रंग देत बसलेली, आणि बाकीचा तालुका शेतात तण उपटायला, बेणणीला. पेणमध्ये जन्म काढून हे मला सुचू नये? रिकाम्या खुर्च्यांत पंचाची शिट्टी अशी घुमायची की आमचीच आम्हाला लाज वाटत होती. पहिला सामना संपत आला तेव्हा दाराशी दोन टेम्पो उभे राहिले. साडूंनी अर्धा दिवस बेणणी थांबवून अख्खं गाव आणलं होतं, बायकापोरांसकट, पायांचा चिखल तसाच. खुर्च्यांवर कोणी बसलं नाही. मॅटच्या कडेला फतकल मारून बसले, बांधावर बसतात तसे, आणि पुढच्या चढाईपासून जी आरोळी उठली ती थेट छपराला लागली. माझी अब्रू वाचली. आणि टाळ्या? त्या साडूंना. मी दात आवळून हसत होतो.

भात कापून झालं आणि त्यांचा फोन आला. म्हणाले, निवडीचे सामने आता मॅटवरच होतात, आमची पोरं मातीवर तयार होतात नि तिथं जाऊन पाय घसरून बाद होतात. "आमच्या गावचे यंदाचे सामने तुमच्याकडं घ्या. पोरांचं नुकसान नको." मी जिंकलो होतो. खरं तर मी तेव्हा नाचायला हवं होतं. नुसता हो म्हणालो आणि फोन हातात धरून बसून राहिलो.

सामने झाले. त्यांच्या संघाने करंडक नेला, पोरांचे गुडघे शाबूत राहिले. पण गावच्या बायका आल्या नाहीत. एवढ्या लांब कोण जातंय गो, आणि रात्री एसटी कुठाय? म्हातारे तर नाहीतच. साडू आले. मी त्यांना माझ्या शेजारी निळ्या खुर्चीत बसवलं. त्याआधी दारात चपला काढून त्यांनी सवयीने वाकून मॅटला हात लावला, कपाळाला नेला, आणि मग तळवा उलटा करून बघितला. त्याला काही लागलं नव्हतं. ते त्यांनी मला दिसू दिलं नाही असं त्यांना वाटतं.

पुढच्या रविवारी मी घमेलं घेऊन त्यांच्या शेतावर गेलो. त्या वर्षी मैदान न केलेल्या तुकड्यावर साडू एकटेच माती चाळत बसले होते. कशाला, असं मी विचारलं नाही. घमेलं पुढे केलं, म्हटलं, स्टेडियमच्या दारात ठेवतो, पोरं हात लावून आत येतील. घमेलंभर माती त्यांनी पुन्हा एकदा चाळली आणि मगच दिली.

आता पोरं आधी त्या घमेल्याला वाकतात आणि मग मला नमस्कार करतात. अजून दुखतं पोटात. यंदा साडूंचे गुडघे धरलेत, त्यांना आता एसटीची पायरी चढवत नाही, त्यामुळे ते आले नाहीत, माती पाठवली. सामने सुरू व्हायच्या आधी, कोणी बघत नाही असं पाहून मी घमेल्यात हात घातला आणि एखादा तरी खडा सापडतो का ते चाचपत राहिलो. अगदी तळापर्यंत गेलो. एकही सापडला नाही.