दुसरी चूल

तहसील कार्यालयाच्या आवारात कडुलिंबाखाली अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शाळा आठवीतच सुटली असली, तरी माझ्या मसुद्यात खोट काढणारा कारकून मला अद्याप भेटलेला नाही, हे येथे नमूद करणे उचित ठरेल.

गेल्या पावसाळ्यात वालूरकडची एक तरुण विधवा माझ्यासमोर येऊन बसली. सोबत तिची सासू, तीही विधवाच, आणि शाळेत जाणारी लहान मुलगी. सुनेला निराधारांचे अनुदान हवे होते. ते न मिळाल्यास दिवाळीनंतर मुलीची शाळा सोडवून तिला ऊसतोडीला सोबत न्यावे लागणार होते. परंतु शिधापत्रिका एकत्र, आणि तीत नोकरदार थोरल्या दिराचे नाव. तो शहरातून एक पैसा धाडत नसे. तरीही त्याचा पगार या घराचे उत्पन्न म्हणून धरला जाई.

“सुनेची विभक्त शिधापत्रिका काढा, सासूबाई थोरल्याच्या पत्रिकेत राहतील,” मी सांगितले. “चौकशीला माणूस येईल. चूल वेगळी दिसली पाहिजे.”

“एवढंच का?” सासू हसली. “हिच्या हातचं आळणी लय खाल्लं. सुटले बाई!”

“ऱ्हाऊ द्या आत्याबाई, चार दिसांत माझ्याच दारात येताल.”

दुसरी चूल मांडली गेली. माणूस केव्हा येईल याचा नेम नसल्याने दोघी रोजच वेगळे रांधू लागल्या. दसरा उलटला. माझी स्मरणपत्रे निर्दोष होती. माणूस आला नाही.

दिवाळीच्या तोंडावर सून एकटीच आली.

“काका, अर्ज माघारी घ्या.”

“इतकं झाल्यावर?”

“आत्याबाई एकटीपुरती चूल पेटवीनात. मी ताट नेलं की म्हणतात, नको, साहेब बघंल. लय वाळल्या. काल चक्कर येऊन पडल्या.”

अर्ज मागे घेतल्यास सारे पहिल्यापासून करावे लागेल, हे मी तिला समजावले. एकमेकींना जेवू घालणाऱ्या दोन विधवांसाठी शासनाकडे रकाना नाही, आणि तो निर्माण करणे माझ्या अधिकारात नाही.

“पुन्यांदा न्हाई करायचं,” ती म्हणाली. “मुकादमाला हो म्हणलंय. आत्याबाईला बी संगं नेते. पोरीच्या गुरुजीला तेवढं लिहून द्या.”

मी सुवाच्य अक्षरात रजेचा अर्ज लिहिला. रजा कधीपर्यंत, ती जागा कोरी सोडली.