शेखमास्तरांचे शेरे

असे किस्से कुणी ठरवून जमवत नाही. संध्याकाळी बोलायला माणूस नसला की ते आपोआप साचत जातात. माझ्याकडं तर पोतंभर आहेत.

सोलापुरात आमच्या मिलची फुटबॉल टीम होती. दर जूनला कॉलेजातनं बाहेर पडलेली चार पोरं तीन महिन्यांच्या ट्रायलवर घ्यायची. टिकेल त्याला खात्यात कायमची नोकरी. पारख करायचे कोच शेखमास्तर. मी वेल्फेअर खात्यातला क्लार्क. ते बोलायचे, मी वहीत शेरा लिहायचो. मास्तरांना लिहिता येत नव्हतं आणि मला फुटबॉल कळत नव्हता, त्यामुळं आमचं कधी भांडण झालं नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली चौकडी मला अजून तोंडपाठ आहे.

*

बार्शीचा मोहन फाईल घेऊनच मैदानावर आला. कॉलेजची झाडून सगळी सर्टिफिकेटं. मास्तरांनी एकेक कागद उलटासुलटा करून बघितला आणि फाईल परत दिली.

"कागजां लई अच्छे हैं. अब इनमेंसे किसीकू तो बी मैदान पे भेजो."

मोहन उतरला. उजवा पाय झकास, डावा नुसता चालायपुरता. मास्तर म्हणाले, "लिखो, बायाँ पाँव बार्शी में रह गया."

मी तसंच लिहिलं. मोहननं ते चोरून वाचलं. पुढं महिनाभर तो डाव्या पायानं भिंतीवर बॉल मारत असायचा. एकटाच, बाकीचे जेवायला गेल्यावरही.

*

अक्कलकोटकडचा सिद्धाराम गोलकीपर. घरात कन्नड, मराठी जेमतेम. त्याच्यापुढं फुलबॅक नरसय्या, सोलापुरातल्याच तेलुगू विणकराच्या घरातला. दोघांचं बोलणं म्हणजे मान हलवणं.

पहिल्याच मॅचला बॉल गोलाकडं आला. सिद्धाराम ओरडला, "बिडू, बिडू!" कन्नडमध्ये बिडू म्हणजे सोड. नरसय्याला ऐकू आलं 'भिडू'. तो सुसाट मागं धावला, दोघं एकमेकांवर आपटले, बॉल निवांत आत.

मास्तर तापले. "तू गया कायकू?"

नरसय्या कपाळ चोळत म्हणाला, "टीममधी आल्यापासनं पयल्यांदा कुनीतरी भिडू म्हनलं, मास्तर. जायाला नगं?"

मी सिद्धारामला अर्थ समजावला. तेव्हापासून बॉल सोडायला सांगताना तो "नको" म्हणायला लागला. बिडू हे मात्र त्यानं नरसय्याचं नावच पाडलं.

*

एका रविवारी मोहन माझ्या खोलीवर आला. मला वाटलं, शेरा बदलून मागणार. मी सावध. तो बसला. मी चहा केला. थोड्या वेळानं परत केला. दिवेलागणीला मीच विचारलं, "काय काम होतं?"

"काम न्हाय, सर. रविवारी आमच्या खोलीवर कुनी नसतं."

तीन वर्षांत माझ्याकडं आलेला तो पहिला पाहुणा. पुढच्या रविवारी मी सकाळीच दूध जास्त घेऊन ठेवलं. तो आला नाही. नरसय्यानं त्याला घरी जेवायला नेलं होतं. दोन्ही वेळचा चहा मीच प्यायलो.

*

चौथा बिरू. सांगोल्याचा, मेंढपाळाच्या घरातला. विंगला पळाला की मागं फक्त धूळ. बोलणं नाहीच. बाकीच्यांना घरची पत्रं यायची, त्याला कधी नाही. त्या साली चारापाणी संपला तसे त्याचे आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडले होते. कुठं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पत्र लिहायचं तर पत्ता काय घालणार?

शेवटची ट्रायल मॅच. मॅनेजरसाहेब खुर्ची टाकून बसलेले, मास्तरच रेफरी. बिरूच्या पायात बॉल, समोर एकटा गोलकीपर. आणि बिरू थांबला.

गोलामागच्या रस्त्यानं मेंढरांचा कळप चालला होता. बॉल तिथंच सोडून तो बुटक्या भिंतीवरनं पलीकडं उतरला.

मास्तरांनी शिट्टी मारून खेळ थांबवला. सगळे जागच्या जागी उभे. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. दहाएक मिनिटांनी बिरू परत आला आणि आपल्या जागेवर उभा राहिला.

"कौन थे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"आमची न्हाईत. पर आमच्यावानीच हायत."

मास्तरांनी शिट्टी वाजवली. खेळ पुढं सुरू झाला.

मॅच संपल्यावर साहेब म्हणाले, "शेख, भर खेळात मैदान सोडून जाणारा मुलगा हा. याच्यापुढं काय लिहायचं?"

मास्तरांनी रस्त्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले.

"लिखो भाऊ, इसकू दूर का दिखता."

साहेबांनी सही केली.