चिपाडांचा साबण आणि काकीचे हातमोजे

यंदाच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या शिफ्टला, चाकणजवळच्या एका कंपनीत टाक्या घासणाऱ्या माझ्या काकीचे हातमोजे काढून घेतले. कुणाचे, कधी, हे आधीच सांगून टाकते. नंतर फाटे फुटायला नकोत.

ही कंपनी उसाची चिपाडं आणि गव्हाचा कोंडा यांपासून साबणाला फेस आणणारं द्रव्य बनवते. खनिज तेलापासूनचं जुनं द्रव्य बंद करा, हे आणा, अशी पत्रकं आळंदीच्या घाटावर आम्ही नदी वाचवणाऱ्यांनी वाटली होती. 'शेतातून आलेलं, निरुपद्रवी' हे शब्द माझे. कंपनीने ते पत्रक नोटीस बोर्डावर लावलं, तेव्हा मी त्याच्यासोबत सेल्फीसुद्धा काढला.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा, म्हणून आदल्या दिवशी टाक्या घासायच्या. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, ग्लोव्हज ठेवा इकडं. शेतातलंच आहे. घरी भांडी घासताना घालता का?" वर बोर्डाकडे बोट. बाटलीत हा माल भरपूर पाणी घालून जातो. टाकीच्या तळाला तो दाट असतो. तव्याचं तेल काढतो तसं कातडीचंही काढतो. काकीने तो तीन तास उघड्या हातांनी खरवडला.

दुसऱ्या दिवशी टाकीला झेंडूचा हार, हळदकुंकू. काकीच्या बोटांना भेगा, त्यांतून रक्त.

मी गेटवर भांडायला गेले.

"ताई, तुमचंच पत्रक आहे," सुपरवायझर शांतपणे म्हणाला.

"ते नदीसाठी लिहिलं होतं!"

"मग तसं लिहायचं ना राव."



घरी काकी बोटांना खोबरेल लावत बसली होती. म्हणाली, "उसाच्या पानानं बी हात कापतोच की. शेतातलं म्हंजी मऊच, असं थोडंच हाय?"

"मग हातमोजे दिलेस कशाला?"

"छापल्यालं हुतं. तू लिवल्यालं."

द्रव्य चांगलंच आहे, नदीला हेच हवं, असं मी अजूनही म्हणते. नवं पत्रकही काढलंय, त्यात हातमोजे घालायचं लिहिलंय. ते मात्र बोर्डावर लागलेलं नाही. काकी अजून उघड्या हातांनीच घासते.

तुमच्या मोरीतल्या बाटलीवर 'वनस्पतिजन्य' असं लिहिलेलं असेल, तर मागे ग्राहकसेवेचा नंबरही असेल. आत्ता लावा. विचारा, टाकी घासणाऱ्या बाईला हातमोजे देता का? आणि हो किंवा नाही ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका.