जोडवी, बूट आणि युरोपची बॅग

नात पुण्याला नोकरी करते. दिवाळीला आली आणि म्हणाली, "आजी, तू आणि धाकटी आजी युरोपला जा. ग्रुप टूर आहे. सगळी मराठी माणसं, जेवायला वरणभात."

मी म्हणले, "वरणभातच खायचा तर तिकडं कशाला जायचं?"

ती हसली आणि पैसे भरून मोकळी झाली. धाकटी आजी म्हणजे सुमन, माझी जाऊ. तिचे मालक दत्तूभाऊजी येत नाहीत. त्यांच्या म्हशी दुसऱ्या कोणाला दूध देत नाहीत, असं ते सांगतात. माझ्यामागं ती अडचण नाही. आमचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली.

मी चौथी शिकलेली. मी फोनमध्ये बोलते, फोन लिहितो, नात चुका काढते. युरोप कसा आहे ते जाऊन आलेले सांगतील. मी नुसती तयारी सांगते, कारण आमची निम्मी यात्रा झरी, परभणी आणि जिंतूर यातच झाली.

व्हिसासाठी पुण्याला जाऊन बोटं टेकवून आलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रांगेत उभं राहायचं आणि विचारतील तेवढंच बोलायचं. खरी गंमत बुटापासून सुरू झाली. टूरवाल्यांनी फोनवर बजावलं होतं, बर्फाच्या डोंगरावर चप्पल चालणार नाही, पाय झाकणारा बूटच पाहिजे.

आमच्या झरीहून परभणीला एसटीनं गेलो. बायकांना अर्धं तिकीट, पण जागा मिळवायला अख्खा जोर लागतो. आधी आतून घालायचे गरम कपडे घेतले. लुगड्याखाली ते छान बसतात, कोणाला दिसत नाहीत. पायजमा घालायलाच पाहिजे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

मग बुटाचं दुकान. माझा पाय सरळ आत गेला. सुमनचा अडला. तिच्या बोटात लग्नातली जोडवी, चांदीची, जाड, बैलाला घालावीत अशी. दुकानदार म्हणाला, "काकू, ते काढून बघा ना."

सुमन म्हणाली, "मालक हायेत माझे."

"मग त्यांना पण दाखवू का एक जोड?"

मोठ्या मापाचा बूट दिला. जोडवी आत गेली, पण टाच सुटायला लागली. दाराकडं चालताना सुमन पुढं आणि एक बूट मागं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. बोरं विकणारी चढली, तरी हिनं भाव केला नाही. मग म्हणाली, "अक्का, मी न्हाई येत. तुमी जा."

"तुझ्या जागी परकी बाई देतील खोलीत. घोरणारी निघाली म्हंजे?"

"तुमी काय कमी घोरता?"

ती नसली तर मीपण जाणार नव्हते. परक्या मुलखात रात्री जाग आली तर हाक मारायला आपलं माणूस पाहिजे. हे तिला सांगितलं असतं तर डोक्यावर बसली असती.

घरी आल्यावर भाऊजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "काढ की. त्यात माझं काय जातंय?"

सुमन म्हणाली, "तुमचंच जातंय."

आमच्याकडं मालक असताना बाईचं बोट मोकळं राहत नाही. मला ते खरंखोटं करत बसायचं नव्हतं, बूट बसवायचा होता. मी म्हणले, "काढायची न्हाईत, बदलायची. पातळ करून घेऊ. बुटात मावतील."

म्हणून जिंतूर. झरीहून तीच एसटी, उलट्या तोंडाची. रस्ता आता चांगला झालाय, कमरेला जाणवत नाही. जिंतूर सुमनचं माहेर. ही जोडवी तिथल्याच सोनारानं घडवलेली. आता त्याचा मुलगा दुकानात बसतो, तोही म्हातारा. स्टँडवर भजी खाऊन घेतली. माणूस उपाशी असलं की हट्ट वाढतो.

सोनारानं पातळ जोडवी दाखवली, पत्र्याची असावीत तशी. पण जुनी निघेनात. बोटाचा सांधा वाढलेला. साबण लावून झाला, तेल लावून झालं. तो म्हणाला, "ताई, कापावं लागंल."

सुमननं पाय ओढून पदराखाली घेतला. "तेवढ्या वेळात तिकडं कमीजास्त झालं म्हंजे?"

मी फोन काढला आणि भाऊजींना लावला, तोंड दिसतं तसा. ते गोठ्यात होते, मागं म्हशीचं शेपूट हलत होतं. सुमन म्हणाली, "तिथंच बसा. हालू नका. नवीन घालोस्तर मला दिसत राहा."

"म्हशीला पाणी पाजायचंय."

"थांबंल म्हैस."

बोट मोकळं पडायच्या आत हळदीचा दोरा बांधून ठेवायचा, असं सोनार म्हणाला. त्यानं दोरा पिवळा करून दिला. बांधायला घरातली सवाष्ण बोलवायला तो आत गेला, तर ती शेजारी गेलेली.

सुमन म्हणाली, "अक्का, तुमीच बांधा."

"मी कशी बांधू? अक्कल हाय का तुला?"

"हात हायेत ना तुमाला."

सोनार मान खाली घालून हत्यार पुसत बसला. मी एवढ्या वर्षांत कोणाची ओटी भरायला की हळद लावायला पुढं झाले नव्हते. होऊही दिलं नसतं कोणी. सुमन पाय पुढं करून बसली होती. मी दोरा बांधला. गाठ जरा जास्तच आवळली.

सोनारानं पहिलं जोडवं कापलं आणि त्याच वेळेला फोन अडकला. भाऊजी तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हलेनात. शेपूटसुद्धा हवेत थांबलेलं. सुमननं माझं मनगट धरलं, ते अजून दुखतंय.

मग आवाज आला, "झालं का गं? म्हैस तोंडाकडं बघायलीय माझ्या."

"जित्ते हाव ना?"

"आता काय लिहून देऊ?"

दुसरं कापलं, नवी चढवली. कापलेली चांदी सोनारानं मोडीत धरली, तरी त्याच्यापेक्षा भजीवाला स्वस्त पडला. दुसऱ्या दिवशी परत परभणी, आणि सुमनचा पाय बुटात गेला. तुमच्या घरी जोडवीवाली बाई निघणार असेल तर आधी सोनार, मग बूट. आमच्यासारखी उलटी खेप करू नका.

काल बॅगा भरल्या. कापूस तोलायचा काटा कडुलिंबाला टांगून वजन केलं. जास्त भरलं, कारण गल्लीतली प्रत्येक बाई वाटेसाठी काहीतरी घेऊन येते आणि नाही म्हणता येत नाही. जवसाची चटणी चार घरची. दोन घरची ठेवली, दोन भाऊजींना. कारळाची बॅगेत राहिली. पांघरूण बाहेर निघालं. तिकडं देतात म्हणे.

मग बूट घालून दोघी गोठ्यापर्यंत चालून आलो. भाऊजी धार काढता काढता म्हणाले, "आलात का फिरून? कसा वाटला युरोप?"

"शेणाचा वास येतोय," मी म्हणले.

ओट्यावर बसून सुमननं मोजे काढले. पातळ जोडव्यांच्या मागं पिवळा दोरा तसाच होता, धुऊन धुऊन फिका पडलेला. मी म्हणले, "ते सोडायचं राहिलं गं. आण इकडं, कापते."

तिनं पाय ओढून घेतला. "राहू द्या. त्याला काय वजन हाय?"

मी कात्री परत बॅगेत टाकली. मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत कात्री चालत नाही.