समाधान झालं म्हणू नये

वणीला कापसाच्या जिनात मी रेच्यावर कामाला होते. रेचा कापसातली सरकी वेगळी करतो, आणि उडालेली सगळी भुकटी माझ्याच छातीत येऊन बसते, असं मला वाटे. रात्री भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपायची. आडवं झालं की खोकला.

मग कामगारांच्या विम्यात आम्हाला गावातलाच एक खाजगी डॉक्टर मिळाला. आधीचा खिडकीतूनच बाटली द्यायचा. हा आपला बाकावर बसवून नळी लावायचा, "घ्या श्वास, सोडा, घाई नाही" म्हणायचा. त्याच्या औषधानं मी पहिल्यांदा पाठ टेकून झोपले. सासूबाई उठून पाहून गेल्या, जिवंत आहे की नाही म्हणून.

अशात एक दिवस विम्याचा साहेब जिनात आला. आम्हाला ओळीनं उभं केलं आणि एकेकीला विचारू लागला, "डॉक्टरच्या सेवेनं समाधान आहे ना?"

आता सांगा, काय म्हणावं? पंगतीत वाढपी विचारतो, पोट भरलं का. भरलं म्हटलं की वरणाची बादली गेली पुढं. माझ्या शेजारी तांड्यावरची माझी मैत्रीण उभी होती. ती कानाशी म्हणाली, "समाधान झालं म्हनू नोको बाई. झालं म्हटलं का दवाखाना बंद."

ती साहेबाला म्हणाली, "नाई झालं. अजून पायजे."

मी म्हटलं, "माह्यं तं बिलकूल नाई झालं साहेब."

ओळ संपेपर्यंत एकीचंही समाधान झालेलं नव्हतं. संध्याकाळी मुकादम म्हणाला, "खिडकीवाला परत येऊन राह्यला. तुम्हालेच हा पसंत नाई म्हनते." मी तिथंच भिंतीला टेकले. आता पुन्हा जन्मभर असंच टेकून झोपायचं, एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी, साहेब उतरला होता त्या डाकबंगल्यावर गेलो.

"साहेब, आमचं समाधान झालं होतं."

"मग काल नाही का म्हणालात?"

"झालं म्हटलं तं संपते ना," मैत्रीण म्हणाली.

"तुम्हाला डॉक्टरनं पढवून पाठवलंय," साहेब म्हणाला. बंगल्याचा खानसामा गावाला गेलेला, साहेब सकाळपासून उपाशी. मैत्रिणीनं ते बरोबर ओळखलं. म्हणाली, "राहू द्या ते. जेवाले चला आमच्या घरी."

तिच्या घरी आम्ही रोडगे केले, वांग्याची भाजी केली, तूप होतं. पहिला रोडगा संपताच साहेब शहरी रीतीनं म्हणाला, "पुरे, पुरे. पोट भरलं."

मैत्रिणीनं टोपली उचलली आणि आत नेली. भाजीचं पातेलंही नेलं. साहेब टोपलीच्या मागं दारापर्यंत डोळ्यांनी गेला.

"अहो बाई," तो हळूच म्हणाला, "मी आपलं उगीच म्हटलं. तसं म्हणायचं असतं."

"मंग आमालेबी तसंच म्हनायचं असते," ती आतूनच म्हणाली, "फक्त उलटं."

साहेब हसला नाही. त्यानं रिकामं ताट पुढं सरकवलं. मग म्हणाला, "आणा ती टोपली. डॉक्टर राहील."

तो आणखी चार रोडगे जेवला. आम्ही दर वेळी विचारत होतो, समाधान झालं काय. त्यानं शेवटपर्यंत हो म्हटलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं नळी लावून विचारलं, "आता बरं वाटतं?" छाती अशी मोकळी होती की काय सांगू.

"अजून थोडं कमीच आहे," मी म्हटलं.